बागेची पाटी सर्वांना वाचता यावी

पांडेसऱ्यातील बागेच्या प्रवेशद्वारावरची पाटी कोणत्या भाषेत असावी? सुरत महानगरपालिकेच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा अनेक माध्यमांत चालतात. एवढ्या लिप्या एका पाटीवर कोंबल्या तर अक्षरे बारीक होतील आणि रस्त्यावरून एकही वाचता येणार नाही.

'उद्यान' हा शब्द मात्र गुजराती, हिंदी, मराठीत एकच आहे. म्हणून दोनच लिप्या पुरतात: वर गुजराती, खाली तेवढ्याच आकाराची देवनागरी. देवनागरीत शिरोरेषेच्या वर व अक्षराखालीही मात्रा येतात, त्यामुळे दोन ओळींत मोकळी जागा ठेवावी. बाजूला झाडाचे चित्र असावे, म्हणजे इतरांनाही कळेल.

खानदेशातून आलेली आजी आणि गुजराती शाळेतला नातू, दोघांनाही बाग आपली वाटावी.