येसकर म्हणजे कोण?

स्कॉटलंडच्या स्टुअर्ट राजांचे आडनाव मूळचे कारभाऱ्याच्या हुद्द्याचे, हे आम्ही कौतुकाने वाचतो. मग आमच्या मावळाचे काय? लोणावळ्यापासून नाणे, पवन, अंदर मावळात फिरा. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, पाटील ही सारी वतनी हुद्द्यांचीच नावे. आणि येसकर, तराळ? तीही हुद्द्यांचीच! वेस राखणे, सरकारी वसूल पोचवणे, शिवेच्या तंट्यात साक्ष देणे ही कामे महारांनी केली. देशमुखीला मानपान मिळाला, येसकराच्या वाट्याला आठौप्रहर वेठ. त्या वेठीविरुद्धच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडले. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, महार वतन १९५८ च्या. आडनावे मात्र राहिली. देशमुखाला कुणी अर्थ विचारत नाही. येसकराला विचारतात, 'म्हणजे कोण?' त्यांना अर्थ नको असतो, जात हवी असते.