सावली जिथे थबकते

मे महिन्याच्या मध्यावर भर दुपारी उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच नाहीशी होते. पुण्यात १३-१४ मेला, मुंबईत १५-१६ मेला, नागपुरात २६ मेच्या सुमारास. या शून्य सावलीच्या दिवसाबद्दल आता दरवर्षी वर्तमानपत्रांत वाचायला मिळतं. पण या तारखा नकाशावर मांडल्या की त्यांतली चाल दिसू लागते. बिनसावलीची ही रेषा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कन्याकुमारी ओलांडते, मेच्या मध्यावर महाराष्ट्रातून रोज साधारण २६ किलोमीटर उत्तरेला सरकते, आणि पुढे तिचा वेग मंदावत जातो. भोपाळला पोहोचेपर्यंत ती दिवसाला जेमतेम साडेपाच किलोमीटर चालते. शहरापुढे आणखी वीसेक किलोमीटर गेली की थांबते आणि माघारी फिरते.

आठवडाभर दुसऱ्याच्या गरजेचा कोड लिहिणारी माणसं सुट्टीच्या दिवशी पुन्हा कोडच का लिहीत बसतात, याचं इतरांना नवल वाटतं. पण पायथन ही भाषा गिदो व्हान रॉसम यांनी १९८९च्या नाताळच्या सुट्टीत अशीच, हौसेखातर लिहायला घेतली. लिनक्स हाही १९९१मध्ये हेलसिंकीतल्या एका विद्यार्थ्याचा छंद होता. या छंदांना प्रोग्रामर लोक ‘साइड प्रोजेक्ट’ म्हणतात. मला विचाराल तर भोपाळमध्ये राहणाऱ्या प्रोग्रामरइतकं नशीबवान कोणी नाही. त्याच्या डोक्यावर जूनमध्ये जे घडतं, ते पायथनच्या वीसेक ओळींत मांडता येतं, आणि ते खरं की खोटं हे गच्चीवर जाऊन पाहता येतं.

हिशोब असा. सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे, याला क्रांती म्हणतात. २१ जूनला ती सर्वाधिक असते, सुमारे २३.४४ अंश. जिथला अक्षांश आणि त्या दिवशीची क्रांती सारखी, तिथे मध्यान्ही सूर्य थेट माथ्यावर येतो. भोपाळचा अक्षांश साधारण २३.२६. प्रोग्राम दोन तारखा देतो, १४ जून आणि २८ जून. मध्यान्हाची वेळही तो सांगतो, आणि ती बारा नाही. आपली घड्याळं ८२.५ रेखांशावर चालतात, भोपाळ ७७.४वर आहे, म्हणून तिथे सूर्य मध्यावर यायला बारा वाजून वीस-बावीस मिनिटं होतात.

इथवर सोपं आहे. खरी गंमत पुढे आहे. भोपाळच्या दक्षिणेला मंडीदीप आणि शहराच्या उत्तर टोकाला करोंद, या दोन्हींचे अक्षांश प्रोग्रामला द्या. मंडीदीपची तारीख ११ जून येते, करोंदची १५ जून. रोज नोकरीसाठी जेवढं अंतर लोक पार करतात, तेवढ्यात चार दिवसांचा फरक! सूर्याची क्रांती या दिवसांत इतकी संथ बदलते, की अक्षांशातला बारीकसा फरकही तारखेत मोठा होऊन दिसतो.

आणि १४ ते २८ जूनच्या मधल्या दिवसांचं काय? तेव्हा सूर्य भोपाळच्या माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे मध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते. एक मीटर उंच काठीची २१ जूनची सावली किती? तीन मिलिमीटर. मुंबईत त्याच दिवशी ती साडेसात सेंटिमीटर असते. सूर्यबिंबाचा व्यास अर्ध्या अंशाहून थोडा जास्त आहे आणि भोपाळमध्ये २१ जूनला बिंबाचा मध्य माथ्यापासून ०.१८ अंशच ढळलेला असतो. म्हणजे माथ्यावरचा नेमका बिंदू तेव्हाही बिंबाच्या आतच राहतो. १० जूनपासून जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेपर्यंत, जवळपास तीन आठवडे, भोपाळच्या माथ्यावर रोज मध्यान्ही सूर्याचा कुठला ना कुठला भाग असतो.

तीन मिलिमीटर मोजायचे तर काठी पुरत नाही. सूर्य हा बिंदू नाही, बिंब आहे. त्यामुळे मीटरभर उंचीवरून पडणाऱ्या सावलीची कड नऊ मिलिमीटर धूसर असते. त्यापेक्षा मीटरभर पीव्हीसी पाइप ओळंबा लावून सरळ उभा करावा आणि तळाशी कागद ठेवावा. वेळ आली की प्रकाशाचं वर्तुळ तळाशी उतरतं आणि मिनिटाला चार मिलिमीटर या वेगाने सरकत जातं. पाइप अर्धा अंश जरी कलला तरी सगळं फसतं. ऑफिसातला कोड बरोबर आहे की नाही हे दुसरा कोड तपासतो. इथे ते काम सूर्य करतो. हा आनंद मला फार मोलाचा वाटतो. आडवे येतात ते ढग, कारण पाऊसही याच दिवसांत दाराशी आलेला असतो.

अशी हौस माळव्यात नवी नाही. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात उज्जैनला बांधलेल्या वेधशाळेचा जीर्णोद्धार माधवराव शिंदे यांनी १९२३मध्ये केला. तिचे पहिले अधीक्षक होते गोविंद सदाशिव आपटे. तिथल्या शंकुयंत्राच्या चौथऱ्यावर सात रेषा आखलेल्या आहेत आणि शंकूच्या सावलीचं टोक वर्षभर त्यांच्यामधून ये-जा करतं. प्रोग्राममध्ये जे आलेख म्हणून दिसतं, ते तिथे उन्हात आखलेलं आहे.

वीस ओळींचं काम झाल्यावर मग एक आकडा खुपायला लागतो, तो २३.४४. कोडात तो कायमचा म्हणून लिहिलेला असतो, पण तो कायमचा नाही. पृथ्वीच्या अक्षाचा कल हळूहळू कमी होतो आहे आणि कर्कवृत्त दरवर्षी साडेचौदा मीटर दक्षिणेला सरकतं आहे. भोपाळहून विदिशेला जाताना दीवानगंजच्या पुढे रस्त्यावर कर्कवृत्ताची खूण आहे. ती अर्थात जागची हलत नाही. बेल्जियमचे हवामानतज्ज्ञ ज्याँ मेयस यांच्या १९९१च्या ‘अॅस्ट्रॉनॉमिकल अल्गोरिदम्स’ या पुस्तकात या कलाचं सूत्र आहे. ते घालून सांचीचा अक्षांश दिला, की प्रोग्राम दोन हजार वर्षं मागे नेतो. आज सांचीचा स्तूप कर्कवृत्ताच्या जवळपास पाच किलोमीटर उत्तरेला आहे. सूर्याचा मध्य तिथे कधीच नेमका माथ्यावर येत नाही. अशोकाच्या काळात मात्र कर्कवृत्त सांचीच्याही पंचवीसेक किलोमीटर उत्तरेला होतं, आणि वर्षातून दोनदा स्तूपावर सूर्य अगदी माथ्यावर यायचा. ते वृत्त स्तूपावरून दक्षिणेला उतरलं सतराव्या शतकाच्या अखेरीस.

तेच सूत्र पुढे चालवलं तर साडेतेराशे वर्षांनी कर्कवृत्त भोपाळच्या मध्यावर येतं. तेव्हा इथे शून्य सावलीचे दिवस दोनाऐवजी एकच उरेल, २१ जूनच्या आसपासचा, आणि त्यानंतर तोही नाही.