वेखंड : लावावे कुठे, वापरावे कसे

वेखंड कोणाला ठाऊक नाही? घरात बाळ जन्मले, की दुकानातून वेखंड येते. बाळाला न्हाऊ घातले, की अंगाला त्याची पूड लावतात. पण वेखंडाचे झाड किती जणांनी पाहिले आहे? फार थोड्यांनी. कारण वेखंड ही दलदलीत वाढणारी वनस्पती आहे. आणि आपला धाराशिव जिल्हा पडला कोरडा!

आपल्या शेजारच्या कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यात वेखंडाची शेती करतात. तिकडे त्याला 'बजे' म्हणतात. भाताप्रमाणे चिखल करून ते लावतात. आपल्याला असे करणे परवडेल का? नाही. तेरणा, मांजरा, सीना या आपल्या नद्या. पण उन्हाळा आला, की कित्येक गावे टँकरची वाट पाहतात. म्हणून शेतात वेखंड लावा, असे आम्ही सांगणार नाही. जिथे पाणी आधीच वाया जाते, तिथे चार रोपे लावा, एवढेच आमचे सांगणे.

जागा कशी निवडावी

हापशाभोवती पाहा. गुरांच्या हौदाखाली पाहा. तांदूळ, भाजी धुतलेले पाणी जिथे सांडते, तिथे पाहा. अशी जागा बारमाही ओली असते. तीच वेखंडाची जागा. मात्र साबणाचे, सोड्याचे किंवा संडासाचे पाणी तिथे येता कामा नये. औषधाची वस्तू घाण पाण्यात कशी वाढवावी?

अशी जागाच नसेल तर? जुने घमेले घ्या. त्यात काळी माती आणि कुजलेले शेणखत भरा. रोज तांब्याभर पाणी घाला. एक रोप त्यात सुखाने वाढते.

लागवड

वेखंडाचे बी पेरत नाहीत. त्याचा कंद आल्यासारखा जमिनीत आडवा पसरतो. कोंब असलेला ओला कंद मिळवा. दुकानातले वाळलेले वेखंड लावू नका. ते उगवत नाही. ओला कंद कुठे मिळेल, याची चौकशी तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात करावी.

मृगाचा पाऊस पडला, की लागवड करा. कंदाचे बोटभर लांबीचे तुकडे करा. प्रत्येक तुकड्याला कोंब हवा. तुकडा दोन बोटे खोल लावा. दोन रोपांत एक फूट अंतर ठेवा. थोड्याच दिवसांत तलवारीसारखी हिरवी पाने वर येतात. पान चुरडून वास घ्या. उग्र, गोडसर वास आला, म्हणजे वेखंड खरे.

निगा

माती कधी सुकू देऊ नका. तण उपटत जा. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. चिखल असावा, डबके नसावे. साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात. मग हिवताप आणि डेंग्यू घरात शिरतो. पाणी साचले, तर लगेच वाट काढून द्या. वेखंडाला ओल पुरते.

काढणी

होळीच्या सुमारास पाने पिवळी पडू लागतात. पाणीटंचाईही तेव्हाच सुरू होते. मग कंद खणून काढा. धुवा. बारीक मुळ्या कापून टाका. तुकडे करून सावलीत वाळवा. कडक उन्हात वाळवले, तर वास उडतो आणि गुणही कमी होतो. वाळलेले तुकडे कोरड्या बरणीत भरा. दोन-तीन कोंबाचे कंद ओल्या मातीत राखून ठेवा. पुढच्या मृगाला तेच बेणे.

उपयोग

तूर, हरभरा, मूग यांचे बियाणे आपण घरी ठेवतो. त्याला भुंगे लागतात. वेखंडाची पूड चोळली, तर भुंगे दूर राहतात. एक किलो बियाण्याला १० ग्रॅम पूड घ्या. मात्र हे बियाणे पेरणीसाठीच ठेवा. त्याची डाळ करून खाऊ नका.

बाळाच्या पोटात वेखंड नको

आता सर्वांत महत्त्वाचे. पुष्कळ घरी वेखंड उगाळून बाळाला चाटवतात. आजीची माया खरी. पण आज या वनस्पतीची जी माहिती मिळाली आहे, ती तिच्या वेळी नव्हती. आपल्याकडच्या वेखंडात 'असारोन' नावाचे द्रव्य पुष्कळ असते. ते पोटात गेले, तर बाळाला ओकाऱ्या होतात. प्रयोगात उंदरांना ते खाऊ घातले, तेव्हा त्यांच्या पोटात गाठी झाल्या. म्हणून १९६८ साली अमेरिकेने खाण्याच्या पदार्थांत वेखंड घालायला बंदी केली.

तेव्हा बाळाला वेखंड चाटवू नका. पहिले सहा महिने बाळाला आईचे दूधच द्यावे. पाणीसुद्धा नको, मग गुटी कशाला? वेखंडाची धुरीही देऊ नका. धुराने बाळाचा श्वास कोंडतो. अंगाला पूड लावायचीच, तर हातावर घेऊन अगदी थोडी लावा. नाकातोंडाजवळ उडवू नका. गरोदर बाईनेही वेखंड पोटात घेऊ नये. मोठ्या माणसाला औषध म्हणून घ्यायचे असेल, तर वैद्याला विचारूनच घ्यावे.

चुकून बाळाने खाल्ले आणि ओकाऱ्या सुरू झाल्या, तर घरी उपाय करत बसू नका. १०८ वर फोन करा. किंवा बाळाला लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. काय खाल्ले आणि किती खाल्ले, ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लपवू नका.

वाया जाणाऱ्या पाण्यावर वेखंड वाढवा. बियाणे राखा. आणि वेखंडाची बरणी मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा. बरणीवर मोठ्या अक्षरांत लिहा : 'वेखंड. खायचे नाही.' आता आपल्याला लिहिता येते. त्या लिहिण्याचा हा चांगला उपयोग होईल.