बेंच प्रेसमधील बलध्येय आणि क्रमवर्धी भार

बाकावर उताणे झोपून छातीवरील दांडी हात सरळ होईपर्यंत वर ढकलणे म्हणजे बेंच प्रेस होय. यात ठरावीक वजनाचे ध्येय बाळगणारा विद्यार्थी बहुधा दर आठवड्यास कमाल वजन उचलून पाहतो. ही परीक्षा झाली, प्रशिक्षण नव्हे. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांवर उपचार करताना अमेरिकन वैद्य थॉमस डीलॉर्म यांनी भार क्रमाक्रमाने वाढविण्याची पद्धती १९४५ मध्ये मांडली. तिचेच तत्त्व येथे लागू पडते.

कमाल क्षमता आवर्तनांवरूनही अजमावता येते. एप्ली यांच्या सूत्रानुसार आवर्तनसंख्येस ३० ने भागून त्यात १ मिळवावा आणि येणाऱ्या संख्येने वजनास गुणावे. ६० किलो ८ वेळा उचलणाऱ्याची क्षमता अशा रीतीने सुमारे ७६ किलो भरते. म्हणजे ८० किलोचे ध्येय फार दूर नाही. आरंभीची बलवाढ स्नायूंच्या आकारापेक्षा मज्जासंस्थेच्या अनुकूलनामुळे होत असल्याने जलद असते, पुढे ती मंदावते. तेव्हा दोन्ही बाजूंस सव्वा किलोची एकेक तबकडी, एवढीच वाढ पुरेशी ठरते. व्यायामशाळेच्या खरेदीत या लहान तबकड्यांचा विसर पडू नये.

प्रत्यक्ष ८० किलोचा प्रयत्न मात्र उशाशी जाणता साहाय्यक उभा असल्याखेरीज करू देऊ नये. थकलेल्या हातांतून सुटलेली दांडी थेट छातीवर किंवा गळ्यावर येते.