हिस्टरी रिपीट होते, पण सापडत नाही!

आपण नेटवर काय काय बघतो, याची नोंद ब्राऊझर इमानेइतबारे ठेवत असतो. तरीही हवं ते पान हव्या त्या वेळी हाती लागत नाही. असं का होतं? आणि ते लागलंच, तर फक्त आपल्याच हाती लागेल, याची काय गॅरंटी?

मंगळवारी लंच टाइममध्ये ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हिमाचलमधला एक होमस्टे बघितलेला असतो. खिडकीसमोर सफरचंदाची बाग, भाडंही खिशाला झेपणारं. शुक्रवारी रात्री ग्रुप जमतो, ट्रिपचा विषय निघतो आणि तुम्ही ऐटीत सांगता, "अरे, एक भन्नाट जागा बघून ठेवलीये. थांबा, लिंकच पाठवतो." मग सुरू होते शोधाशोध. नाव आठवत नाही. सर्च केलं तर भलतेच होमस्टे समोर येतात. मोबाइलवर हिस्टरी उघडावी, तर तिथे मंगळवारचं काहीच नाही. पाच मिनिटांनी कुणीतरी वैतागून म्हणतं, "जाऊ दे यार, अलिबागच करू!"

ओळखीचं वाटतंय ना? होमस्टेच्या जागी मुलाखतीसाठी वाचलेला लेख ठेवा, आईच्या गुडघेदुखीवर सापडलेली माहिती ठेवा, नाहीतर क्लायंटसाठी शोधलेला आकडा ठेवा. गोष्ट तीच. एकदा सापडलेलं पुन्हा सापडत नाही.

गंमत म्हणजे, यात आपल्या विसरभोळेपणाचा दोष कमी आणि डिझाइनचा जास्त आहे.

निम्म्याहून जास्त पानं जुनीच!

नेट म्हणजे रोज काहीतरी नवीन, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आपण तिथे मॉर्निंग वॉकला निघालेल्या आजोबांसारखे वागतो. रस्ता तोच, कट्टाही तोच. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठातल्या लिंडा टाउशर आणि सॉल ग्रीनबर्ग यांनी १९९७ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. २३ जणांचं सहा आठवड्यांचं ब्राऊझिंग त्यांनी तपासलं, तेव्हा उघडलेल्या पानांपैकी ५८ टक्के पानं त्या व्यक्तीनं आधी पाहिलेली निघाली. पुढे २००१ मध्ये न्यूझीलंडच्या अँडी कॉकबर्न आणि ब्रूस मॅकेन्झी यांच्या अभ्यासात हेच प्रमाण ८१ टक्के आलं.

म्हणजे आपण नेटवर जेवढं शोधतो, त्याहून जास्त परत जात असतो. या हिशेबानं हिस्टरी हे ब्राऊझरमधलं सगळ्यात लाडकं बटण असायला हवं होतं. पण कॅलगरीच्या लोकांना दिसलं ते उलटंच. लोक बॅक बटण धडाधड दाबत होते आणि हिस्टरीची यादी मात्र क्वचितच उघडत होते. आजही तुम्ही शेवटची हिस्टरी उघडली ती काही शोधायला की पुसायला, हे स्वतःलाच विचारून बघा!

बॅक बटणाची चवड

बॅक बटणाचा भरवसा तरी किती धरायचा? हे बटण आपल्याला काळात मागे नेतं, असा सगळ्यांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. ब्राऊझर आपली पानं लग्नाच्या हॉलमधल्या ताटांसारखी एकावर एक रचून ठेवतो. मागे जायचं म्हणजे वरचं ताट बाजूला करायचं.

समजा, तुम्ही भाड्याचे फ्लॅट बघताय. यादीतून कोथरूडचा फ्लॅट उघडलात, बॅक करून यादीवर आलात आणि मग बाणेरचा उघडलात. आता कितीही वेळा बॅक दाबा, कोथरूडचा फ्लॅट येणार नाही! यादीवरून नवी वाट धरताक्षणी ब्राऊझरनं ते ताट चवडीतून काढून टाकलेलं असतं. पान हिस्टरीत असतं, पण बॅकच्या वाटेवर नसतं. आणि लिंक नव्या टॅबमध्ये उघडली असेल, तर त्या टॅबचं बॅक बटण बहुतेक वेळा राखाडी होऊन गप्प बसलेलं असतं.

टाउशर आणि ग्रीनबर्ग यांनी तेव्हाच साधा उपाय सुचवला होता. चवड नको, सरळ 'नुकतंच पाहिलेलं सगळ्यात वर' अशी यादी द्या आणि एक पान त्यात एकदाच दाखवा. कारण त्यांच्या आकडेवारीनुसार, पुढचं पान हे आधीच्या सहा पानांपैकीच एक असण्याची शक्यता तब्बल ३९ टक्के होती. कॉलेजचा कट्टा सोडवत नाही, तसंच हे!

यादी लपली आणि कामाला लागली

मग डिझाइनवाल्यांनी काहीच केलं नाही का? केलं ना. पण सगळ्यात यशस्वी ठरली ती युक्ती, जी हिस्टरीसारखी दिसतच नाही.

जून २००८ मध्ये फायरफॉक्स ३ आलं. त्यातल्या अॅड्रेस बारला टोपणनाव पडलं 'ऑसम बार'. तोवर पत्ता टाइप करायचा तर त्याची सुरुवात आठवावी लागायची. इथे मात्र पानाच्या नावातला मधलाच एखादा शब्द टाकला, तरी जुनी पानं खाली हजर! कुठलं पान वर दाखवायचं, हे ठरवायला त्यांनी एक गमतीदार शब्द घडवला, 'फ्रीसेन्सी'. म्हणजे फ्रीक्वेन्सी अधिक रीसेन्सी. किती वेळा गेलात आणि किती अलीकडे गेलात, याचा एकत्र हिशेब. गेल्या चार दिवसांतल्या भेटीला सगळ्यात जास्त वजन, नव्वद दिवसांपेक्षा जुनीला सगळ्यात कमी. पत्ता स्वतः टाइप केला असेल, तर नुसत्या क्लिकपेक्षा जास्त गुण. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये क्रोम आलं आणि नव्या टॅबमध्ये तुमच्या नेहमीच्या साइट्सची छोटी चित्रं मांडून मोकळं झालं.

ही युक्ती चालली, कारण हिस्टरी आपल्याकडे चालत आली. वेगळं दुकान उघडून बसली नाही. दोन अक्षरं टाइप केली की मेल, तीन टाइप केली की बँक. आपण दिवसभर हिस्टरी वापरतो, फक्त तिला हिस्टरी म्हणत नाही.

पण यातही एक गोची आहे. फ्रीसेन्सीला प्रिय कोण? जिथे आपण रोज जातो ते. मंगळवारी एकदाच पाहिलेल्या त्या होमस्टेचा क्रमांक लागणार कसा? नेहमीच्या पाहुण्यांना पहिली पंगत आणि एकदाच भेटलेला माणूस दारातच उभा, असला हा प्रकार.

आठवण काही तारीख सांगून येत नाही

खरी मेख इथेच आहे. हिस्टरीचं पान आपल्याला तारीख, वेळ आणि शीर्षक दाखवतं. आपल्याला आठवतं ते वेगळंच. 'हिरव्या रंगाची साइट होती', 'बॉसचा फोन आला तेव्हा वाचत होतो', 'फ्लाइटचे रेट बघता बघता सापडलं'. यातलं एकही ब्राऊझरच्या यादीत शोधता येत नाही.

गंमत बघा, हे एका माणसाच्या ध्यानात वेब जन्मण्याआधीच आलं होतं. अमेरिकन शास्त्रज्ञ व्हॅनिव्हर बुश यांनी १९४५ मध्ये 'अटलांटिक' मासिकातल्या लेखात 'मेमेक्स' नावाच्या यंत्राची कल्पना मांडली होती. माणसाचं मन एका गोष्टीवरून दुसरीवर उडी मारतं, तेव्हा यंत्रानंही वाचनाची ती वाटच जपून ठेवावी, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे सुटी पानं नकोत, पायवाट हवी.

ब्राऊझरवाल्यांना ती पायवाट दिसायला बराच वेळ लागला. २०२२ मध्ये क्रोमनं 'जर्नीज' नावानं हिस्टरी विषयवार गटांत मांडायला सुरुवात केली. २०२४ मध्ये गुगलनं त्यापुढचं पाऊल जाहीर केलं. 'मागच्या आठवड्यात पाहिलेलं आइस्क्रीमचं दुकान कुठलं?' अशा साध्या बोलीत हिस्टरीला प्रश्न विचारायचा. दिशा तर बरोबर आहे. आपण जसं आठवतो, तसं शोधता यावं, एवढंच तर मागणं आहे.

तोपर्यंत लोकांनी आपले देशी जुगाड काढलेच. स्वतःलाच मेल करणं, वीस टॅब उघडे ठेवून जगणं, एकट्याचाच व्हॉट्सअॅप ग्रुप काढणं. शेवटी २०२२ मध्ये व्हॉट्सअॅपनं स्वतःला मेसेज पाठवायची अधिकृत सोयच देऊन टाकली!

पण सोय कुणाची?

इथवर सगळं छान. आता नाण्याची दुसरी बाजू. हिस्टरी जितकी सहज उघडेल, तितकी ती दुसऱ्यालाही सहज उघडेल. आणि आपल्या हिस्टरीत फक्त होमस्टे नसतात. नोकरी बदलायचा विचार असतो. छातीत आलेल्या गाठीची भीती असते. जातीबाहेरच्या लग्नासाठी शोधलेले नियम असतात. घरी कुणाला न सांगितलेल्या कित्येक गोष्टी आपण आधी ब्राऊझरला सांगितलेल्या असतात.

सायबर कॅफेत बसून वाढलेल्या पिढीला हे नव्यानं सांगायला नको. आधीच्या गिऱ्हाइकानं काय पाहिलं, हे अॅड्रेस बारमध्ये एक अक्षर टाकलं की कळायचं. पुढे २०११ च्या सरकारी नियमांनी तर कॅफेमालकांनाच सांगितलं, की कॉम्प्युटरवर पाहिलेल्या साइट्सची हिस्टरी किमान वर्षभर जपून ठेवा.

डिझाइनमधली साधीशी सोयही कशी अंगाशी येते, याचं उत्तम उदाहरण म्हणजे जांभळी लिंक. न पाहिलेली लिंक निळी, पाहिलेली जांभळी. किती सोपी खूण! पण लबाड साइट्सनी यातून पळवाट काढली. पानात गुपचूप भरपूर लिंक्स ठेवायच्या आणि तुमच्या ब्राऊझरमध्ये त्यातल्या कुठल्या जांभळ्या झाल्या, ते तपासायचं. झाली तुमची हिस्टरी जाहीर! २०१० मध्ये मोझिलानं यावर तोडगा जाहीर केला. क्रोमनं २०२५ मध्ये ती खूण आणखी आवळली. आता एका साइटवर केलेलं क्लिक दुसऱ्या साइटवरची लिंक जांभळी करत नाही.

आणि ज्यांना वाटतं, की 'इन्कॉग्निटो आहे ना, मग काय टेन्शन!', त्यांच्यासाठी. इन्कॉग्निटो फक्त तुमच्या कॉम्प्युटरवर नोंद ठेवत नाही. ऑफिसच्या नेटवर्कला आणि इंटरनेट कंपनीला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते तरीही कळू शकतं. याच गैरसमजावरून गुगलवर अमेरिकेत २०२० मध्ये खटला झाला आणि २०२४ मध्ये तडजोड म्हणून कंपनीनं गोळा झालेला डेटा नष्ट करायचं मान्य केलं.

सोयीचा अतिरेक काय असतो, तेही २०२४ मध्येच दिसलं. मायक्रोसॉफ्टनं 'रिकॉल' जाहीर केलं. दर काही सेकंदांनी स्क्रीनचा फोटो काढून ठेवायचा, म्हणजे पाहिलेलं काहीही पुन्हा शोधता येईल. होमस्टे हमखास सापडला असता! पण सुरक्षातज्ज्ञांनी दाखवून दिलं, की ही सगळी माहिती चोराच्या हाती सहज लागू शकते. एवढी बोंब झाली, की कंपनीला ते पुढे ढकलावं लागलं. एप्रिल २०२५ मध्ये ते आलं, तेव्हा युजरनं स्वतः सुरू केलं तरच चालणार, या अटीवर.

तात्पर्य काय, तर चांगल्या हिस्टरीची परीक्षा दोन प्रश्नांची. मला माझं पटकन सापडतं का? आणि मला नको असलेलं एकच पान, बाकीच्यांना धक्का न लावता, पुसता येतं का? आज आपण घाबरून सरसकट 'क्लिअर ऑल' करतो आणि दुसऱ्याच दिवशी तेच पान शोधत बसतो. घरात झुरळ दिसलं म्हणून घरच पाडण्यातला प्रकार!

एवढं तरी कराच

* चुकून बंद झालेला टॅब: कंट्रोल, शिफ्ट आणि टी एकत्र दाबा. परत हजर.
* बॅक बटण दाबून धरा. मागच्या पानांची यादी उघडते, दहा वेळा क्लिक करायची गरज नाही.
* क्रोमच्या अॅड्रेस बारमध्ये 'अॅट'चं चिन्ह आणि त्याला जोडून इंग्रजीत 'हिस्टरी' टाइप करून टॅब दाबा. पुढचा शोध फक्त हिस्टरीत होतो. फायरफॉक्समध्ये शिफ्ट आणि ६ दाबून येणारं चिन्ह टाकून स्पेस द्या.
* क्रोमच्या हिस्टरीत साधारण ९० दिवसांचंच दिसतं. पुढच्या वर्षी लागणारं पान आजच बुकमार्क करा.
* मोबाइल आणि कॉम्प्युटरची हिस्टरी जोडायची असेल तर सिंक सुरू करा. मात्र ऑफिसच्या मशिनवर स्वतःचं खासगी अकाउंट सिंक करू नका.
* सगळी हिस्टरी पुसण्याऐवजी हिस्टरीच्या पानावर त्या साइटचं नाव शोधा आणि तेवढ्याच नोंदी उडवा.
* घरात एकच कॉम्प्युटर असेल, तर प्रत्येकाचं वेगळं लॉगिन करा. यात संशय कुणावरच नसतो, उलट भांडणं वाचतात.

बाकी नोकरी शोधायची असेल तर ती स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटा पॅकवर शोधा. तेवढे पैसे नक्कीच वसूल होतील!