विश्लेषण : प्रश्न बदलून प्रश्न सोडवायचा? ‘रिडक्शन’ शिकताना विद्यार्थी दिशा का चुकतात?

परीक्षेचे वेळापत्रक लावायचे आहे. एकाच विद्यार्थ्याचे दोन पेपर एका वेळी येता कामा नयेत आणि सत्रे तीनच आहेत. संगणकशास्त्राच्या पदवी वर्गातला सरावलेला विद्यार्थी अशा वेळी वेळापत्रक बाजूला ठेवून चित्र काढतो. प्रत्येक पेपरसाठी एक ठिपका. दोन पेपरना एक जरी सामाईक विद्यार्थी असेल, तर त्या ठिपक्यांमध्ये रेघ. आता जोडलेल्या ठिपक्यांना वेगवेगळे रंग येतील अशा बेताने चित्र तीन रंगांत रंगवायचे. रंग म्हणजेच सत्र. नवा प्रश्न ओळखीच्या प्रश्नात बदलण्याच्या या पद्धतीला ‘रिडक्शन’ म्हणतात.

महत्त्व कशामुळे?

स्टीफन कुक यांनी १९७१ मध्ये तर्कशास्त्रातील एका प्रश्नापासून सुरुवात केली. १९७२ मध्ये रिचर्ड कार्प यांनी रिडक्शनच्या साखळीने २१ प्रश्न एका माळेत ओवले. त्यांत चित्र रंगवण्याचाही प्रश्न होता. यांपैकी एकासाठी वेगवान पद्धत सापडली तर ती सगळ्यांना लागू पडेल. ती अजून सापडलेली नाही आणि ती नाहीच, हेही सिद्ध झालेले नाही.

चूक कुठे होते?

‘वेळापत्रक लावणे कठीण आहे, हे सिद्ध करा’ असे विचारले की अनेक जण वरचेच चित्र काढतात. रंगवणे कठीण, म्हणून वेळापत्रकही कठीण! निष्कर्ष बरोबर, पण सिद्धता चुकीची.

कारण सोपा प्रश्नही कठीण प्रश्नात बदलता येतो. सत्रे दोनच असतील तर एक पेपर सकाळी ठेवा, त्याला जोडलेले दुपारी, त्यांना जोडलेले पुन्हा सकाळी. सुटे राहिलेले पेपर असेच नव्याने सुरू करा. कुठे अडले, तर वेळापत्रक शक्यच नाही. संगणकाला हे किरकोळ काम. आता याच चित्रात सर्व ठिपक्यांना जोडलेला एक जादा ठिपका काढा. तो एक रंग खाऊन टाकतो, बाकीच्यांना दोन उरतात. झाला तीन रंगांचा कठीण प्रश्न! कोपऱ्यावरच्या दुकानात विमानाने जायचे ठरवले, म्हणून दुकान लांब जात नाही.

सिद्धतेसाठी उलटे जावे लागते. कोणतेही चित्र घ्या. प्रत्येक ठिपक्याला पेपर माना आणि प्रत्येक रेघेसाठी ते दोन पेपर देणारा एक विद्यार्थी कल्पा. हे पेपर तीन सत्रांत बसले तर चित्र तीन रंगांत रंगते आणि चित्र रंगले तर पेपर बसतात. दोन्ही बाजू दाखवाव्या लागतात. म्हणजे वेळापत्रक झटपट लावणारा चित्रही झटपट रंगवेल.

रिडक्शनची ओळख ‘एनपी-कम्प्लीट’ या भारदस्त शब्दासोबतच व्हावी, हे जरा दुर्दैवच. यादीतली दुबार नावे शोधण्यासाठी ती आधी क्रमाने लावणे, हेही रिडक्शनच. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ते नकळत करतो.

नोकरीत ४०० पेपरांचे वेळापत्रक समोर आले, तर हे शिकलेला अभियंता हमखास आणि झटपट उत्तराच्या मागे महिने घालवत नाही. तो पुन्हा पहिली दिशा धरतो : वेळापत्रक कुक यांच्या त्या प्रश्नात बदलून ‘सॅट सॉल्व्हर’ या तयार सॉफ्टवेअरला देतो. अनेकदा तेवढ्यावर काम भागते.