‘मंजूर, मंजूर’ म्हणण्याआधी

ऑगस्ट-सप्टेंबर उजाडला की महाराष्ट्रातल्या सहकारी बँका आणि पतसंस्थांच्या वार्षिक सभांची पत्रं घरोघर येऊ लागतात. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, सभा घेणं सहकार कायद्याने बंधनकारक आहे. पत्रासोबत गुळगुळीत कागदावर छापलेला अहवाल येतो. बहुतेक घरांत तो न उघडताच दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीत जातो. सभेला गेलेले सभासद एकेका विषयाला ‘मंजूर, मंजूर’ म्हणतात आणि आयत्या वेळच्या विषयांपर्यंत सभागृह निम्मं रिकामं झालेलं असतं. पुढे कधीतरी संस्था अडचणीत आली की आपण म्हणतो, संचालकांनी खाल्लं. अनेकदा ते खरंही असतं. पण त्याआधी कितीतरी वर्षं आपल्याच काही समजुतींनी त्यांना रान मोकळं करून दिलेलं असतं.

‘संस्था नफ्यात आहे, मग चिंता कसली?’

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या, म्हणजे पीएमसीच्या, २०१८-१९च्या ताळेबंदात सुमारे ९९ कोटींचा नफा दिसत होता आणि ढोबळ एनपीए, म्हणजे थकीत कर्जांचं प्रमाण, होतं ३.७६ टक्के. सहकारी बँकेच्या मानाने हे आकडे उत्तम म्हणावेत असेच. २०१९च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने निर्बंध लादले आणि ठेवीदाराला खात्यातून काढता येणारी रक्कम सुरुवातीला ठरली एक हजार रुपये. बँकेच्या एकूण कर्जापैकी सत्तर टक्क्यांहून अधिक, सुमारे साडेसहा हजार कोटी रुपये, एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकलेले होते. तपास यंत्रणांच्या म्हणण्याप्रमाणे ते लपवण्यासाठी एकवीस हजारांहून अधिक बनावट कर्जखाती दाखवली गेली.

मग ९९ कोटींचा नफा आला कुठून? हे नीट समजून घ्यायला हवं. कर्ज चालू आहे असं दाखवलं की त्यावरचं व्याज हातात आलेलं नसलं तरी उत्पन्नात धरता येतं. तेच कर्ज नव्वद दिवसांहून जास्त थकलं म्हणून एनपीए ठरलं, की व्याज प्रत्यक्ष जमा झाल्याशिवाय उत्पन्नात धरता येत नाही. वर नफ्यातून तरतूद करावी लागते, ती वेगळी. म्हणजे बुडीत कर्ज लपवलं की नफा दोन्हीकडून फुगतो. गावच्या विकास सोसायटीपासून शहरी बँकेपर्यंत याचा सोपा प्रकार सगळ्यांना माहीत आहे: ‘नवं-जुनं’ करणं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जुनं कर्ज भरून घ्यायचं आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याच माणसाला व्याजासकट नवं द्यायचं. कागदावर वसुली झाली, प्रत्यक्षात पैसा आलाच नाही.

टक्केवारीचाही असाच खेळ असतो. समजा, शंभर कोटींच्या कर्जात आठ कोटी थकीत आहेत, म्हणजे आठ टक्के. पुढच्या वर्षी कर्जं एकशे साठ कोटींवर नेली आणि थकीत रक्कम वाढून नऊ कोटी झाली, तर प्रमाण साडेपाच टक्क्यांच्या आसपास येतं. थकबाकी वाढली आणि अहवालात मात्र ‘एनपीए कमी करण्यात यश’ असं छापता येतं. नवी कर्जं थकायला वेळ लागतो, तोपर्यंत आकडा सुंदर दिसतो. म्हणून नुसती टक्केवारी पाहू नका. थकीत रक्कम रुपयांत किती ते पाहा, आणि तीन-चार वर्षांचे आकडे शेजारी मांडा.

‘ठेवी वाढल्या म्हणजे विश्वास वाढला’

शाखेच्या उद्घाटनात, वर्धापनदिनाच्या जाहिरातीत, सभेच्या भाषणात हा आकडा सर्वांत मोठ्या अक्षरांत असतो. ठेव ही संस्थेची कमाई नव्हे, तिच्या डोक्यावरचं देणं आहे. शाखाधिकाऱ्याला ठेवींचं उद्दिष्ट दिलं की तो जादा व्याजाची ठेव आणतो. समजा, संस्था ठेवीवर बारा टक्के देते. कर्मचाऱ्यांचे पगार, भाडं आणि तरतुदी भागवायच्या तर कर्ज सोळा-सतराने द्यावं लागतं. त्या दराने कर्ज कोण घेईल? ज्याला इतर कुठल्या बँकेने दारात उभं केलं नाही तो. ठेवीचा दर ठरला तेव्हाच कर्जदार कोण असणार हेही ठरलं.

कामगिरीचं उद्दिष्ट ठरवणं आणि जोखीम ओळखणं ही आपल्याकडे दोन वेगळ्या टेबलांवरची कामं मानली जातात. उद्दिष्टं अध्यक्ष जाहीर करतात आणि जोखमीचं धोरण नावाचा कागद तपासणीसाठी फाइलला लावलेला असतो. माझ्या मते बहुतेक पडझडींचं मूळ या फारकतीत आहे. शाखाधिकाऱ्याची बढती ठेवी आणि कर्जवाटपावर ठरणार, आणि ती कर्जं तीन वर्षांनी थकतील तेव्हा तो दुसऱ्या शाखेत असणार. मग त्याने कशाची काळजी करावी?

‘एवढा प्रामाणिक माणूस, एक दिवस रजा घेत नाही’

ही समजूत मला सर्वांत धोक्याची वाटते, कारण ती चांगुलपणातून येते. आपली माणसं, ओळखीची, गावातली. तपासणीचा विषय काढला की ‘म्हणजे विश्वास नाही का?’ असा प्रश्न येतो आणि विषय तिथेच संपतो.

न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत मुंबईतल्या प्रभादेवी आणि गोरेगावच्या तिजोऱ्यांमधली रोकड मोजली गेली आणि पुस्तकातल्या आकड्यापेक्षा सुमारे १२२ कोटी रुपये कमी भरले. यात कसलंही गुंतागुंतीचं कर्ज नव्हतं, की शेअर बाजार नव्हता. पाचशेच्या नोटा धरल्या तर शंभर नोटांची चोवीस हजार चारशे पुडकी होतात. ती नसताना रोजच्या रोज पुस्तकात असल्याचं दिसत होतं. फौजदारी प्रकरणाचा निकाल न्यायालय देईल. पण नोटा मोजण्याइतकी साधी गोष्ट इतकी रक्कम जाईपर्यंत कोणाच्या लक्षात येऊ नये, याचं उत्तर एका माणसाच्या नीयतीत शोधून पुरणार नाही. रोज मोजणारा, मोजणीवर सही करणारा आणि अचानक येऊन फेरमोजणी करणारा ही तीन वेगळी माणसं असावी लागतात. बँक पुढे ऑगस्ट २०२५मध्ये सारस्वत बँकेत विलीन झाली.

पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेत २०१८ साली उघड झालेला, तेरा हजार कोटींहून मोठा घोटाळाही याच जातीचा. एकच अधिकारी जवळजवळ सात वर्षं त्याच शाखेत त्याच कामावर होता. परदेशी व्यवहारांचे संदेश पाठवणारी स्विफ्ट यंत्रणा बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीला जोडलेली नव्हती, त्यामुळे दिलेल्या हमीपत्रांची नोंद पुस्तकात यायलाच हवी असं काही नव्हतं. तो अधिकारी निवृत्त झाला, नव्याने आलेल्या अधिकाऱ्याने नव्या हमीपत्रांसाठी रोख तारण मागितलं आणि गोष्ट बाहेर आली.

म्हणूनच संवेदनशील कामावरच्या बँक कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, आधी न कळवता, सलग दहा कामकाजाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवावं असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. त्या दहा दिवसांत त्याच्या खुर्चीवर दुसरं कोणी बसतं आणि लपवलेलं असेल तर ते वर येतं. एकही रजा न घेणाऱ्याचा आपण सभेत शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतो. तो माणूस प्रामाणिकही असेल. पण ते त्याच्या रजेतच सिद्ध होतं, आणि त्याच्यावर उद्या कोणी बोट ठेवू नये यासाठीही ती रजा हवी.

‘ऑडिटला अ वर्ग आहे’

लेखापरीक्षक सगळे व्यवहार पाहत नाही, निवडक पाहतो, आणि त्याचं मत ३१ मार्चच्या स्थितीबद्दल असतं. त्याची फी तीच संस्था देते. तरीही अहवालात कामाचं बरंच काही असतं, फक्त ते वर्गाच्या अक्षरात नसतं. ते शेऱ्यांमध्ये असतं. विषयपत्रिकेवर ‘मागील लेखापरीक्षणाच्या दोषदुरुस्ती अहवालाची नोंद घेणे’ असा एक विषय असतो, त्यावर सहसा कोणी बोलत नाही. दोन वर्षांचे शेरे ताडून पाहा. तारणाचं मूल्यांकन जुनं आहे, अमुक कर्जांची कागदपत्रं अपुरी आहेत, असा शेरा दोन्ही वर्षी जवळपास त्याच शब्दांत असेल तर दुरुस्ती झालेली नाही. ‘अ’ वर्ग असो वा नसो.

‘पाच लाखांचा विमा आहेच’

बँकेत आहे, पतसंस्थेत नाही. ठेव विमा महामंडळाचं संरक्षण परवानाधारक बँकांतल्या ठेवींना मिळतं आणि त्यात सहकारी बँका येतात. ४ फेब्रुवारी २०२०पासून मर्यादा पाच लाखांची आहे, त्याआधी १९९३पासून ती एक लाख होती. हे पाच लाख मुद्दल आणि व्याज मिळून आणि एका बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून आहेत. चार शाखांत पाच-पाच लाख ठेवले तर वीस लाख सुरक्षित होत नाहीत. २०२१च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत ही रक्कम मिळण्याची सोय झाली. त्यावरच्या रकमेचं काय होतं हे पीएमसीच्या ठेवीदारांना विचारा: बँक जानेवारी २०२२मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि मोठ्या ठेवीदारांची उरलेली रक्कम टप्प्याटप्प्याने दहा वर्षांपर्यंत मिळण्याची योजना झाली. पाटीवर ‘मल्टिस्टेट’ लिहिलेलं असलं म्हणून पतसंस्था बँक होत नाही. तिची नोंदणी केंद्रीय निबंधकांकडे असते, एवढाच अर्थ. ठेव विमा तिलाही नाही.

‘पैसा आमचा, म्हणजे संस्था आमची’

कायदा असं म्हणत नाही. मत सभासदाला आहे, एका सभासदाला एक. तुम्ही चाळीस लाखांची ठेव ठेवली असेल आणि भाग घेतलेला नसेल, तर सभेत तुम्हाला मत नाही. नाममात्र सभासदालाही नाही. कर्ज हवं असेल तर मात्र सभासद व्हावं लागतं. परिणाम असा की ज्यांचा पैसा आहे त्यातले बरेच जण मतदारयादीबाहेर, आणि ज्यांना पैसा हवा आहे ते यादीत. कर्जदारांनी निवडून दिलेलं मंडळ वसुलीत किती कडक राहील, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या मालेगाम समितीने २०११मध्येच संचालक मंडळाखेरीज जाणकारांचं वेगळं व्यवस्थापन मंडळ असावं असं सुचवलं होतं. रिझर्व्ह बँकेने शंभर कोटी वा त्याहून अधिक ठेवींच्या नागरी बँकांना ते बंधनकारक केलं ते २०१९च्या अखेरीस, पीएमसी कोसळल्यानंतर.

तेव्हा ठेवीदार असाल तर सभासद व्हा. सभासद असाल तर पोटनियमांत दिलेल्या मुदतीत लेखी प्रश्न पाठवा. वीस मोठ्या कर्जदारांकडे मिळून एकूण कर्जाच्या किती टक्के रक्कम आहे? यंदा वसूल दाखवलेल्या थकीत कर्जांपैकी किती कर्जदारांना पुढच्या तीन महिन्यांत पुन्हा कर्ज दिलं? तिजोरीची अचानक मोजणी शेवटची कोणी आणि कधी केली? उत्तर तोंडी देऊन भागवलं तर ते इतिवृत्तात नोंदवायला सांगा. पुढच्या वर्षी विषयपत्रिकेवर पहिलाच विषय ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा असेल. तुमचा प्रश्न आणि त्याचं उत्तर त्यात आलं आहे का, हे हात वर करण्याआधी बघा.